मेंटेनन्सची वाटणी: रिकाम्या गाळ्यांचा हिस्सा कोणाच्या डोक्यावर? (नाशिक)

फळा_खडू (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गंगापूर रोडला तळमजला अधिक तीन मजल्यांच्या एका कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर माझा क्लास आहे, अकरावी-बारावी सायन्सचा. जागा लिव्ह अँड लायसन्सवर (भाडेपट्टा नव्हे, नुसती वापरायची परवानगी), पाच वर्षांचा रजिस्टर्ड करार. भाड्याबद्दल काही म्हणणं नाही. भांडण आहे ते मेंटेनन्सवरून.

इतके दिवस चौरस फुटाला ५ रुपये ठोक होते, म्हणजे महिना ४,६५०. यंदापासून मालकाने 'प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे' आकारणी सुरू केली आणि बिल आलं ८,२६७ चं, वर १८ टक्के जीएसटी. करारात फक्त एक ओळ आहे: 'सामाईक खर्चाचा प्रमाणशीर हिस्सा लायसन्सी देईल.' कसलं प्रमाण, कुठला खर्च, काही नाही.

हात धुऊन मागे लागले तेव्हा तक्ता मिळाला. वर्षाचा एकूण खर्च १९ लाख २० हजार. वॉचमन ५.४० लाख, साफसफाई ३.६०, कॉमन वीज ३.३०, जनरेटरचं डिझेल १.५०, लिफ्टची एएमसी (वार्षिक देखभाल करार) ९० हजार, टँकर आणि पंप ६५ हजार, फायरची एएमसी ४५ हजार, 'व्यवस्थापन' १ लाख, आणि एक ओळ 'दर्शनी भागाचे नूतनीकरण', २.४० लाख.

माझा गाळा कार्पेट (भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा) ६२० फूट, करारात ९३० धरलाय. सगळ्या इमारतीचं करारी क्षेत्रफळ २४,०००. मग माझा हिस्सा ३.८७५ टक्के व्हायला हवा ना? बिलात ५.१७ टक्के लावलाय. विचारलं तर उत्तर: 'मॅडम, सगळ्यांना तसाच लावलाय.' सगळ्यांना लावला म्हणजे बरोबर झाला का?

हिशोबनीस

ताई, ५.१७ टक्के म्हणजे ९३० भागिले १८,०००. तुमच्या इमारतीत ६,००० फूट कुठेतरी रिकामे आहेत. बघा बरं.

फळा_खडू

आहेत! तिसरा मजला. तिथली जिम बंद होऊन बरेच महिने झाले, पाटी अजून तशीच आहे.

हिशोबनीस

मग संपलं. मालकाने रिकामा मजला छेदातून काढून टाकला आणि त्याचा वाटा उरलेल्यांवर पसरवला. २४,००० ने भागलं तर तुमचे वर्षाला ७४,४००. १८,००० ने भागलं तर ९९,२००. फरक २४,८००. भाडेकरू आणणं हे मालकाचं काम. तो आला नाही तर त्याचं भाडं तुम्ही भरता का? मग त्याचा वॉचमन तुम्ही का भरायचा?

आणखी एक तपासा. ९३० हा सुपर बिल्टअप आकडा दिसतोय, म्हणजे कार्पेटमध्ये जिना-पॅसेजसारख्या सामाईक जागेचा वाटा मिळवलेला. ही वाढ म्हणजे लोडिंग, तुमचं ५० टक्के. छेदातले २४,००० पण त्याच मापाचे आहेत का? मी असे तक्ते पाहिलेत, ज्यात वरती सुपर बिल्टअप आणि खाली कार्पेटची बेरीज असते. किंवा तळमजल्याच्या दुकानांना ३० टक्के लोडिंग आणि वरच्यांना ५०. भाडं ठरवताना कोणी काय मोजलं ते ज्याचं त्याला ठाऊक, पण खर्च वाटताना सगळ्यांना एकच गज हवा. कार्पेट घ्या म्हणजे टेप लावून मोजता तरी येतं. सोपी चाचणी: सगळ्या गाळ्यांच्या टक्केवारीचा तक्ता मागा, रिकाम्यांसकट. बेरीज १०० आली पाहिजे. १०० च्या वर गेली तर मालक मेंटेनन्समध्ये कमाई करतोय.

दुकान_नंबर_४

आमचं तळमजल्यावर कापडाचं दुकान आहे (दुसऱ्या कॉम्प्लेक्समध्ये, शरणपूर रोड). आमचा वाद वेगळाच. आम्ही लिफ्टचं बटण आयुष्यात दाबलं नाही, तरी लिफ्टचे पैसे भरतो. वर क्लासची पोरं दिवसभर वर-खाली करतात. ताई, राग नको, पण खरं ते खरं.

फळा_खडू

राग कसला. पण तुमच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या आमच्या पार्किंगमध्ये असतात, त्याचं काय? :)

हिशोबनीस

लिफ्टवरून जेवढा धुरळा उडतो तेवढे पैसे त्यात नसतात. ताई, तुमच्याकडे तळमजला किती फुटांचा?

फळा_खडू

७,०००.

हिशोबनीस

एएमसी ९० हजार. सगळ्यांत वाटली तर तुमचे वर्षाला ३,४८८ रुपये. तळमजला वगळला तर ४,९२४. फरक १,४३६ रुपये, तोही वर्षाला. यावरून मीटिंगमध्ये तास-तास जातो आणि २.४० लाखांच्या नूतनीकरणावर कोणी तोंड उघडत नाही.

जुना_गाळामालक

नाशिक रोडला माझी छोटी कमर्शिअल बिल्डिंग आहे, म्हणून मालकाच्या बाजूनेही चार ओळी. इथे सगळे मालकावर तुटून पडतात.

रिकाम्या गाळ्याचा वॉचमनचा खर्च मालकाने सोसावा, मान्य. मी सोसतो. वॉचमन तिसरा मजला रिकामा म्हणून पगार कमी घेत नाही. लिफ्टवालाही नाही. फायरचं तर कायद्याचंच आहे, महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैला लायसन्सधारक एजन्सीकडून फॉर्म बी (आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) द्यावा लागतो, मजला भरलेला असो नाहीतर ओस.

पण साफसफाईचं बघा. तिसऱ्या मजल्यावर कोणी नाही, तिथली संडास-बाथरूमं कुलूपबंद आहेत, बाई तिथे जातच नाही. म्हणजे ३.६० लाखांचा सगळा झाडू-फिनाईल खालच्या १८,००० फुटांवरच खर्च झाला. तो २४,००० ने भागला तर ९० हजार मालकाच्या खिशातून जाणार, जी जागा कोणी झाडलीच नाही तिच्यासाठी. हा न्याय कुठला? टँकरचंही तेच. पाणी पिणारी माणसंच वर नाहीत.

टाइमझोन_वेगळा

मूळ नाशिकचा, आता न्यू जर्सीत, व्यापारी जागांच्या हिशेबातच काम करतो. गाळामालक म्हणताहेत तो मुद्दा इकडे फार जुना आहे आणि त्याचं उत्तरही ठरलेलं आहे.

इकडच्या करारांत खर्चाचे दोन गट करतात. जागा भरली-रिकामी झाल्याने न बदलणारे, आणि माणसांबरोबर वाढणारे. दुसऱ्या गटासाठी 'ग्रॉस-अप' करतात: इमारत ९५ किंवा १०० टक्के भरलेली असती तर हा खर्च किती झाला असता ते काढायचं आणि त्यावर पूर्ण छेद लावायचा. तुमच्या आकड्यांत, चारही मजले भरलेले असते तर साफसफाई समजा ४.८० लाख झाली असती. त्याचे ३.८७५ टक्के म्हणजे १८,६००. आता उलटं करा: प्रत्यक्ष ३.६० लाख, छेद १८,०००. तरी १८,६००. म्हणजे पूर्णपणे माणसांवर चालणाऱ्या खर्चाला भरलेल्या जागेचा छेद चुकीचा नाही. चुकीचं आहे ते वॉचमन, लिफ्ट, फायर यांनाही तोच छेद लावणं.

इकडचे करारांचे प्रकार थोडक्यात सांगतो, कारण तिकडचे ब्रोकरही आता हे शब्द फेकतात. ग्रॉस लीजमध्ये सगळं भाड्यात. ट्रिपल नेटमध्ये मालमत्ता कर, विमा आणि देखभाल तिन्ही भाडेकरूवर. मधला प्रकार बेस इयरचा: पहिल्या वर्षाचा खर्च मालक सोसतो, पुढे जेवढा वाढेल तेवढ्यात भाडेकरूचा हिस्सा. यात मेख अशी की बेस इयरला इमारत अर्धी रिकामी असली तर तो आकडाच लहान धरला जातो, आणि पुढची प्रत्येक वाढ भाडेकरूला मोठी दिसते. म्हणून त्या वर्षाचंही ग्रॉस-अप मागायचं.

आणि हिशेब तपासण्याचा हक्क. इकडे चांगल्या करारात असतं की भाडेकरू स्वखर्चाने ऑडिट करेल, पण ठरलेल्या टक्क्यापेक्षा (बहुधा ३ ते ५) जास्त चूक निघाली तर ऑडिटची फी मालक देईल. या एका कलमाने आकडे आपोआप सरळ होतात.

मिसळ_आणि_मी

शिर्डीला जायला सातजणांत जीप ठरवली आणि दोघं आयत्या वेळी गळाले, तर जीपचं भाडं पाचजणांत, पण चहा-नाश्ता ज्याने खाल्ला त्याचा. एवढं सोपं आहे हो.

हिशोबनीस

@मिसळ, उलटं झालं. इथे जीप मालकाची आहे आणि सीट विकायच्या त्यालाच आहेत. रिकाम्या सीटचं भाडं त्याचं. चहाचं तुमचं बरोबर.

वायरमन_अंबड

कॉमन वीज ३.३० लाख? एवढ्याशा बिल्डिंगला? जिन्यातले दिवे एलईडी असतील तर लिफ्ट आणि पंप धरूनही मला जास्त वाटते. ताई, गच्चीवर जाहिरातीचा बोर्ड आहे का?

फळा_खडू

आहे. भला मोठा. रात्री झगझगीत असतो.

वायरमन_अंबड

मग तो कुठल्या मीटरवर आहे ते आधी बघा. कॉमन मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, आणि एका युनिटला किती पल्स ते मीटरवरच छापलेलं असतं. संध्याकाळी बोर्ड लागायच्या आधी पाच मिनिटं पल्स मोजा, लागल्यावर परत पाच मिनिटं मोजा. तेवढ्यात लिफ्ट किंवा पंप चालू नको, नाहीतर गणित चुकेल. वेग वाढला तर बोर्ड तुमच्या पैशाने चमकतोय. जुन्या मेटल हॅलाइडचे ४०० वॉटचे चार फोकस धरा, रोज पाच तास, दिवसाला ८ युनिट, महिन्याला २४०. शिवाय व्यापारी दर.

बोर्डाचं भाडं मालक घेत असेल तर वीजही त्याचीच. मोबाइल टॉवर असला तर त्याचाही स्वतंत्र मीटर असायला हवा. पार्किंगचे पैसे घेत असतील तर ते उत्पन्न खर्चातून वजा झालं पाहिजे, कारण पार्किंगचा वॉचमन तुम्ही भरताय.

पंपहाउस

अवांतर: पावसाळ्यात बेसमेंटमधलं पाणी उपसायचा पंप कोणाच्या खर्चात? आमच्याकडे बेसमेंट फक्त एका गोडाऊनवाल्याकडे आहे, तरी पंपाचं डिझेल आम्ही सगळे भरतो.

जुना_गाळामालक

बेसमेंटमध्ये लिफ्टचा खड्डा आणि मीटर रूम असेल तर सगळ्यांच्या खर्चात. नसेल तर गोडाऊनवाल्याच्या.

कागदी_घोडा

कोर्टकचेऱ्या जवळून पाहणारा माणूस आहे, तर थोडं कागदाचं.

पहिलं म्हणजे इमारत कोणत्या कायद्याखाली आहे ते विचारा. नाशिकमध्ये कित्येक बिल्डिंगा सोसायटी नसून अपार्टमेंट आहेत, म्हणजे १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली डीड ऑफ डिक्लरेशन (कोणाचा किती हिस्सा ते सांगणारं घोषणापत्र) केलेल्या. तिथे सामाईक खर्च डिक्लरेशनमधल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्क्याने वाटतात. सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या आदर्श उपविधीत मात्र सेवाशुल्क गाळ्यामागे समान असतं, क्षेत्रफळ मोठं-छोटं बघत नाहीत. म्हणजे एकाच रस्त्यावर शेजारी-शेजारी दोन इमारतींत दोन न्याय. मालक एकटाच सगळ्या इमारतीचा धनी असेल (ताईंचं तसं दिसतंय) तर यातलं काहीच लागू नाही. तिथे करार हाच कायदा. म्हणून 'प्रमाणशीर' एवढ्यावर सही असली की अर्थ लावायला वाव राहतो, दोघांनाही.

दुसरं, नूतनीकरण. दर्शनी भागाला नवी काच-क्लॅडिंग लावणं ही देखभाल नव्हे, मालमत्तेची किंमत वाढवणं आहे. पुढचा भाडेकरू जास्त भाडं देईल, ते मालकाच्या खिशात. गळती बंद करणं, रंग उडाला म्हणून परत देणं ही देखभाल. आरसीसीची दुरुस्ती, मालकाची ब्रोकरेज, इतर भाडेकरूंशी चाललेल्या खटल्यांचा खर्च, हे सगळं या बिलात येता कामा नये.

तिसरं, पैसे अडवाल तर पाणी-वीज तोडू अशी धमकी आली तर: १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ भाडेकरूच्या अत्यावश्यक सेवा तोडायला मनाई करतं, त्यात जिन्यातला दिवा आणि लिफ्टही येते. पण ते भाडेकरूला. लिव्ह अँड लायसन्सवाल्याने त्यावर विसंबू नये, करारातच तसं लिहून घ्यावं. आणि वाद असलेली रक्कम सोडून बाकीची वेळेवर भरत राहा, 'हक्क राखून' असं पत्र जोडून. पूर्ण बिल थांबवलंत की समोरच्याला आयतं कोलीत मिळतं.

करपात्र

+१ वरच्या प्रतिसादाला. जीएसटीचं कोणी बोललंच नाही, आणि खरी गळती तिथे असते.

मालक जीएसटीत रजिस्टर्ड आहे (तुमच्या बिलावर १८ टक्के आहे म्हणजे असणारच). वॉचमनची एजन्सी त्याला बिल देते त्यात जीएसटी असेल, तर त्याचं क्रेडिट तो घेतो. ५.४० लाख हा आकडा जीएसटीसकट असला तर मूळ खर्च ४,५७,६२७ च आहे. उरलेले ८२ हजार त्याला सरकारकडे भरायच्या करातून वळते झालेत. तरी तो तुमच्यात ५.४० लाख वाटणार आणि त्यावर परत १८ टक्के लावणार, म्हणजे करावर कर. तक्ता मागताना 'क्रेडिट घेतलेला जीएसटी वगळून' असं लिहून मागा.

वीज. तुमच्या गाळ्याचा सबमीटर (मालकाच्या मुख्य मीटरखालचा वेगळा मीटर) असेल आणि मालक महावितरणच्या दरानेच, एक पैसा न वाढवता, वसूल करत असेल तर त्यावर जीएसटी नाही. ३१ ऑक्टोबर २०२३ चं केंद्राचं परिपत्रक क्रमांक २०६ याबद्दल स्पष्ट आहे. युनिटमागे स्वतःचा ठोक दर लावला, तर ती वीज भाड्या-मेंटेनन्सबरोबरची सेवा होते आणि त्याच दराने कर लागतो.

क्लासवाल्या ताईंना दिलासा म्हणजे क्लासच्या फीवर जीएसटी लागतो, तुम्ही रजिस्टर्ड असाल तर हे १८ टक्के क्रेडिटमध्ये परत मिळतात. शेजारी डॉक्टर असतील तर त्यांना नाही, वैद्यकीय सेवा करमुक्त आहे, त्यांचे १८ टक्के गेले ते गेले. म्हणून मीटिंगमध्ये डॉक्टर जास्त तावातावाने बोलतील, त्यांना पुढे करा.

फळा_खडू

हाहा, पहिल्या मजल्यावर दाताचे डॉक्टर आहेतच. त्यांना हा धागा पाठवते.

वाचनमात्र_७२

वाचतोय. वाचनखूण साठवली.

टाळं_किल्ली

एवढं करण्यापेक्षा जागा बदला. पाथर्डी फाट्याकडे निम्म्या भाड्यात मिळेल.

फळा_खडू

विद्यार्थी तिथे येतील का हो? पालक कॉलेज रोड-गंगापूर रोड सोडून पाठवत नाहीत, हीच तर मालकाची ताकद आहे.

फळा_खडू

अपडेट. मंडळी, तुमच्या जिवावर मीटिंग झाली. डॉक्टर, पॅथॉलॉजी लॅबवाले, खालचे दोन दुकानदार आणि मी. मालकांचा मुलगा आला होता, तो बराच समजूतदार निघाला.

बोर्डाचं आधी सांगते. वायरमनदादांच्या सांगण्याप्रमाणे डॉक्टरांच्या कंपाउंडरने पल्स मोजले, मोबाइलवर व्हिडिओ घेतला. बोर्ड लागताच दिवा धावायला लागला. व्हिडिओ दाखवल्यावर वाद घालायला जागाच उरली नाही, बोर्डाला वेगळा मीटर घेणार आहेत.

नूतनीकरणाची ओळ काढली. छेदाबद्दल टाइमझोन आणि गाळामालक दोघांचं मिळून जे निघालं तेच मांडलं: वॉचमन, लिफ्ट, फायर, कॉमन वीज, व्यवस्थापन यांना २४,०००, आणि साफसफाई, पाणी, डिझेल यांना १८,०००. पहिल्या गटाचे ११.०५ लाख, माझे ४२,८१९. दुसऱ्याचे ५.७५ लाख, माझे २९,७०८. मिळून ७२,५२७, महिना साधारण ६,०४४. बोर्डाची वीज अजून यातून जायची आहे. जीएसटीवाला मुद्दा त्यांच्या सीएकडे गेलाय, तिथून उत्तर आलेलं नाही.

खालचे दुकानदार लिफ्टवरून बोललेच. तळमजला लिफ्टमधून वगळायचं आम्ही वरच्यांनी मान्य केलं, वर्षाला १,४३६ रुपयांना शांतता मिळाली. (म्हणजे जीपमधला नाश्ता झाला.)

एकच अडलंय. दरवर्षी खर्च किती वाढू द्यायचा याची मर्यादा घालायची म्हटली तर मालक म्हणतात, वीजदर आणि किमान वेतन माझ्या हातात आहे का? मुद्दा बरोबर वाटतो. पुरवणी करारात काय लिहावं?

कागदी_घोडा

मर्यादा फक्त त्याच्या हातातल्या खर्चांवर घाला. मसुदा असा करता येईल (परिशिष्ट अ म्हणजे तुमचा २४,००० वाला गट, ब म्हणजे १८,००० वाला), तुमच्या वकिलाला दाखवा:

'सामाईक खर्च म्हणजे सोबतच्या परिशिष्टातील बाबी, त्याबाहेरील कोणतीही बाब नव्हे. परिशिष्ट अ मधील बाबींचा हिस्सा इमारतीच्या एकूण कार्पेट क्षेत्रफळाच्या प्रमाणात, रिकाम्या जागेसह. रिकाम्या जागेचा हिस्सा मालकाचा. परिशिष्ट ब मधील बाबींचा हिस्सा वापरात असलेल्या कार्पेट क्षेत्रफळाच्या प्रमाणात. वीज, शासकीय कर व शुल्क आणि किमान वेतनातील वाढ वगळता इतर बाबींची एकूण वाढ मागील वर्षाच्या तुलनेत ७ टक्क्यांहून अधिक आकारली जाणार नाही. वर्ष संपल्यापासून ९० दिवसांत मालक बिलांच्या प्रतींसह हिशेब देईल. जास्तीची रक्कम पुढील बिलात वळती होईल. हिशेबाबाबत वाद असल्यास वादाबाहेरील रक्कम भरणाऱ्या लायसन्सीच्या कोणत्याही सेवेत खंड पडणार नाही.'

७ च्या जागी तुमचं जे ठरेल ते. मसुद्यात मी मुद्दाम कार्पेट धरलंय, टक्के थोडे सरकतील, ते परत काढून घ्या. डिझेलचा भावही मालकाच्या हातात नाही, तेव्हा ते मर्यादेबाहेर ठेवा म्हणेल, ठेवू द्या, पण जनरेटरच्या अवर मीटरची (किती तास चालला ते दाखवणारा) नोंदवही दाखवण्याची अट घाला. आणि मूळ करार रजिस्टर्ड आहे तर पुरवणीही रजिस्टर करा, नोटरीवर भागवू नका.

दुकान_नंबर_४

ताई, लिफ्टचं तुमच्याकडे सुटलं हे वाचून आमच्या मालकाला फोन लावलाय. तो म्हणतो, आधी पार्किंगचं बोलू.